न कापता रक्त पाहू या: पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांचं रक्ताभिसरण घरी आणि शाळेत कसं बघायचं

भिंतीवर डास चिरडला की लाल डाग पडतो. ते रक्त आपलं असतं, डासाचं नव्हे. माशी मारली तरी लालसर डाग उमटतो, पण तो बहुतेक तिच्या डोळ्यांतल्या रंगद्रव्याचा. मृग लागला की शेताच्या बांधावर फिरणारा मखमली लाल किडा आतून रक्ताने भरलेला वाटतो, पण त्याचाही रंग रंगद्रव्याचाच. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या सोलापुरात बॅरलच्या तळाशी मात्र कधी कधी बारीक लाल अळ्या वळवळताना सापडतात आणि घरात आरडाओरडा होतो. त्या अळ्यांचा लाल रंग खरोखर त्यांच्या रक्ताचा असतो. त्यात हिमोग्लोबिन असतं, आपल्या रक्तात असतं त्याच जातीचं.

म्हणून सुरुवातीलाच एक नियम ठरवून घ्या. रंगावरून रक्त ओळखायचं नाही. प्रत्येक प्राण्यापुढे तीन प्रश्न ठेवायचे: हा द्रव कोण ढकलतं? तो नळ्यांतून फिरतो की शरीरात मोकळा? आणि प्राणवायू तो वाहतो की ते काम दुसरंच कोणी करतं? खालचं प्रत्येक निरीक्षण या तीन प्रश्नांसाठी आहे. यातल्या कशालाही प्राणी कापावा लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्रातली चिरफाड बंद करायला सांगितली. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी प्रात्यक्षिक म्हणजे भिंतीवरचा तक्ता असं झालं, आणि मला ते खटकतं. जिवंत, पारदर्शक प्राण्यात जे दिसतं ते मेणाच्या तबकात टाचलेल्या झुरळात कधीच दिसत नव्हतं.

आधी एवढं समजून घ्या

आपलं रक्त बंद नळ्यांतून फिरतं. गांडूळ, ट्युबिफेक्स नावाचे बारीक लाल किडे, ऑक्टोपस यांचंही तसंच. याला बंदिस्त अभिसरण म्हणतात. कीटक, कोळी, खेकडे आणि बहुतेक गोगलगायी यांच्यात हृदय द्रव पुढे ढकलतं, पण नळी थोड्या अंतरावर संपते आणि द्रव अवयवांमधल्या पोकळीत मोकळा सुटतो. फिरून तो हृदयाजवळ येतो आणि पुन्हा आत शिरतो; कीटक, कोळी, खेकडे यांच्यात हृदयाच्या भिंतीतल्या झडपांच्या छिद्रांतून. हे मुक्त अभिसरण. डाळिंबाच्या बागेत ठिबकने प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी मोजून पाणी पोचतं आणि जुन्या पद्धतीत पाटाने आख्खा वाफा भरतो. बंदिस्त आणि मुक्त यांतला फरक साधारण तसाच. वाफा भरण्याला कमी दाब लागतो, पण पाणी नेमकं कुठे आणि किती वेगाने जाईल यावर ताबाही कमी राहतो.

मुक्त अभिसरणात रक्त आणि पेशींभोवतीचा द्रव असे दोन वेगळे द्रव नसतात, एकच असतो. त्याला हिमोलिम्फ म्हणतात.

काही प्राण्यांना यातलं काहीच लागत नाही. हायड्रा आणि चपटकृमी इतके पातळ असतात की प्राणवायू थेट पेशींपर्यंत झिरपतो. स्पंज तर बाहेरचं पाणीच अंगातून खेळवत राहतो.

सामान

शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तम. ४ आणि १० पट वस्तुभिंग पुरे. नसेल तर शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांच्या गटाने तयार केलेला कागदी फोल्डस्कोप चालतो. गांडूळ आणि रेशीमकिडा यांना दहा पटीचं हातभिंगही पुरतं. याशिवाय मंदगती चित्रण करणारा मोबाईल, काचपट्ट्या, ड्रॉपर, कापूस, थोडं व्हॅसलिन, पांढरी बशी, एक तापमापी आणि पाणी. नळाचं पाणी वापरायचं तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा. त्यातल्या क्लोरीनने पाणपिसवा, म्हणजे पाण्यात उड्या मारणारे बारीक जीव, पटापट मरतात.

एप्रिल-मेमध्ये हे करू नका. बाहेर चाळीसच्या वर पारा असताना डबकी आटलेली असतात आणि बशीतलं पाणी बघता बघता तापतं. पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला.

पहिलं निरीक्षण: ट्युबिफेक्स

पाळलेल्या माशांना ताजं खाद्य म्हणून जे लाल, केसांसारखे किडे विकतात ते हे. मत्स्यालयाच्या दुकानात थोड्या पैशात चिमूटभर मिळतात. गांडुळाचेच चुलत नातेवाईक, पण अंग जवळजवळ पारदर्शक. बंदिस्त अभिसरण दाखवायला यापेक्षा सोपा प्राणी मला माहीत नाही.

घरी आणल्यावर दोन-तीनदा पाणी बदलून धुवा. हे किडे घाण गाळात वाढतात, तेव्हा हातमोजे घाला किंवा नंतर साबणाने हात धुवा. काचपट्टीवर व्हॅसलिनचं छोटं कडं करा, त्यात पाण्याचा थेंब आणि एकच किडा ठेवा, वर आच्छादन काच अलगद टेकवा. व्हॅसलिनच्या कड्यामुळे किडा चिरडत नाही आणि फार पळतही नाही.

४ पटीवर पाठीच्या बाजूने एक लाल रेघ दिसेल. तिच्याकडे शांतपणे बघत राहा. ती मागच्या टोकाकडून डोक्याच्या दिशेने लाटेसारखी आवळत जाते. एक लाट निघाली की मागून दुसरी. हीच पृष्ठवाहिनी आणि पंपाचं मुख्य काम तीच करते. पोटाच्या बाजूची वाहिनी रक्त मागे आणते, पण ती अशी ठळक धडधडत नाही. आता १० पट लावून वाहिनीच्या आत पेशी शोधा. लाल पेशी दिसणार नाहीत, कारण त्या नसतातच. या प्राण्यांत हिमोग्लोबिन रक्तद्रवातच विरघळलेलं असतं. आपल्याकडे ते तांबड्या पेशींत बांधून ठेवलेलं असतं, इथे मोकळं. म्हणून लाल रंग सगळीकडे सारखा पसरलेला दिसतो.

बशीत उरलेल्या किड्यांकडे परत या. डोकं गाळात खुपसून ते शेपट्या वर काढतात आणि हलवत राहतात. शेपटीकडच्या पातळ कातडीतूनच प्राणवायू आत जातो. भांडं झाकून ठेवलं, पाणी शिळं झालं, की शेपट्या जास्त जोरात हलतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं: प्राणवायू वाहणारं रक्तच आहे.

गांडूळ, थोडक्यात

गांडूळखताच्या खड्ड्यातून एक लहान, फिकट गांडूळ घ्या. मोठ्या गांडुळाच्या गडद कातडीतून वाहिनी नीट दिसत नाही. ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा आणि शेपटीकडच्या अर्ध्या भागात, पाठीच्या मधोमध बघा. एका ठिकाणी नजर ठेवून मिनिटात किती वेळा रेघ फुगते आणि आवळते ते मोजा. दहा-पंधरा मिनिटांत गांडूळ परत ओल्या मातीत गेलं पाहिजे. ते कातडीने श्वास घेतं, कातडी कोरडी पडली की गुदमरतं.

मुलांचा इथे हमखास एक गोंधळ होतो. पुस्तकात गांडुळाच्या हृदयांच्या ४ जोड्या लिहिलेल्या असतात, दुसरीकडे ५ सापडतात. दोन्ही बरोबर आहेत. आपल्या पुस्तकांत फेरेटिमा हे गांडूळ असतं आणि त्याची हृदयं ७, ९, १२ आणि १३व्या खंडांत असतात. युरोपीय पुस्तकांतल्या लुंब्रिकसला ७ ते ११ या खंडांत ५ जोड्या. गांडूळखतासाठी आपल्याकडे सर्रास वापरतात ते आयसेनिया त्या दुसऱ्या घराण्यातलं. म्हणजे खड्ड्यातलं गांडूळ बघून पुस्तकातला आकडा पडताळायला गेलात तर तो जुळणार नाहीच.

दुसरं मोठं निरीक्षण: पाणपिसूचं हृदय

विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाची मांडणी केली तेव्हा थेम्स नदीतल्या पारदर्शक कोळंबीचं धडधडणारं हृदय पाहिल्याचंही लिहून ठेवलं. आपल्याकडे तीच गंमत पाणपिसू, म्हणजे डॅफ्निया, किंवा उन्हाळ्याला जास्त सरावलेली मोइना दाखवते. दोन्ही एक ते तीन मिलिमीटरच्या, पाण्यात टुणटुण उड्या मारणाऱ्या.

मिळवायच्या कुठे? पावसानंतर साचलेली हिरवट डबकी, हिप्परगा तलावाची काठची उथळ जागा, किंवा गुरांचा हौद. सिद्धेश्वर तलावात जाळी घालू नका. ती श्रद्धेची जागा आहे आणि तिथे जायची गरजही नाही. शेततळ्याबाबत मात्र कडक राहा. प्लॅस्टिक कागदाच्या उतारावर पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. शेततळ्यावर मुलांना नेऊच नका. शेतकऱ्याला बादलीभर पाणी काढून द्यायला सांगा.

जुन्या ओढणीचा तुकडा तारेच्या कड्यावर शिवला की जाळी तयार. डबक्यात हात बुडवू नका. तिथल्या चपट्या आणि टोकदार गोगलगायींतून गुरांच्या कृमींच्या अळ्या पाण्यात सुटतात, आणि त्यातल्या काहींनी माणसाच्या कातडीला खाज सुटते.

मग पुढचं असं:

१. बाटली अंधारात ठेवून एका बाजूने टॉर्च धरा. पाणपिसवा बहुधा त्या बाजूला गोळा होतात. ड्रॉपरने एक उचला.

२. काचपट्टीवर कापसाचे दोन-चार तंतू पसरा, त्यावर थेंब सोडा. तंतूंत अडकली की ती कुशीवर पडून राहते. जास्तीचं पाणी टिपकागदाने ओढून घ्या, पण कोरडं करू नका.

३. सूक्ष्मदर्शकाचा दिवा मंद ठेवा. उजेडाच्या उष्णतेनेही ठोके वाढतात.

४. हृदय शोधा. मोठा काळा डोळा आहे ते डोकं. तिथून पाठीच्या कडेने थोडं मागे या. अंड्यांच्या पिशवीच्या अलीकडे एक छोटी पारदर्शक थैली फडफडताना दिसेल, तेच हृदय. पोटाच्या बाजूला एकसारखे हलतात ते पाय. मुलं हमखास तेच मोजतात.

५. ठोके नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नाहीत. पाणपिसूचं हृदय मिनिटाला दोनशे-तीनशे वेळा सहज धडधडतं. मोबाईल नेत्रभिंगाला टेकवून सेकंदाला २४० चौकटींचं मंदगती चित्रण करा. ते साध्या ३० चौकटींच्या वेगाने दिसतं, म्हणजे वेळ आठपट ताणला जातो. मंद चित्रफितीतली ४० सेकंदं म्हणजे प्रत्यक्षातली ५ सेकंदं. तेवढ्यात २२ ठोके मोजले तर २२ गुणिले १२, मिनिटाला २६४. मोबाईलमध्ये ही सोय नसेल तर दुसऱ्याला दहा सेकंदं वेळ लावायला सांगा आणि ठोक्यागणिक कागदावर पेनाने ठिपका द्या. नंतर ठिपके मोजून सहाने गुणा.

आता नळ्या शोधा. सापडणार नाहीत, पाणपिसूत रक्तवाहिन्या नसतातच. १० पटीवर नजर स्थिर केली की अंगाच्या पोकळीत बारीक पेशी वाहताना दिसतात. पायांच्या बाजूने जाऊन त्या पाठीकडे वळतात आणि हृदयाच्या बाजूच्या फटीतून आत ओढल्या जातात. मुक्त अभिसरण म्हणजे काय हे तक्ता पाहून कधी पटत नाही, ते इथे अर्ध्या मिनिटात पटतं.

सोलापूरकरांसाठी तापमानाचा प्रयोग मस्त जमतो. एक बशी माठाच्या पाण्याची, एक खोलीतल्या पाण्याची आणि तिसरी किंचित कोमट, पण ३२ अंशांच्या वर नको. प्रत्येक बशीत काही पाणपिसवा दहा मिनिटं रुळू द्या आणि मगच मोजा. या प्राण्यांचं शरीर स्वतःचं तापमान धरून ठेवत नाही. रासायनिक क्रिया उष्णतेबरोबर वेगावतात आणि हृदयही. साधारण दहा अंशांच्या फरकाला वेग दुपटीच्या आसपास जातो. एकाच पाणपिसूवर विसंबू नका. तीन-चार घ्या आणि सरासरी काढा, कारण एकेकीचा स्वभाव वेगळा असतो आणि पकडल्याच्या धास्तीनेही आकडा हलतो.

कधी डबक्यातल्या पाणपिसवा गुलाबी दिसतात. तो रोग नाही. पाण्यात प्राणवायू कमी झाला की त्या हिमोलिम्फमध्ये हिमोग्लोबिन वाढवतात. पाणी ताजं झालं की पुढच्या पिढ्या परत फिक्या.

डासाची अळी: रक्त आहे, पण प्राणवायूचं काम नाही

शोधायला कुठे जायची गरज नाही, हौद किंवा कुंडीखालची बशी बघा. एक अळी थेंबभर पाण्यात, पाठ वर येईल अशी ठेवा. पाणी इतकं कमी करा की तिला उसळी मारता येणार नाही.

पाठीतून दोन चंदेरी नळ्या शेपटीकडच्या श्वासनळीपर्यंत गेलेल्या दिसतात. त्यांत हवा असते. त्या दोघींच्या मधोमध एक अंधूक नळी आवळताना दिसेल, ते हृदय. हे चित्र मनात ठसवा. कीटकांत प्राणवायू श्वासनलिकांच्या जाळ्यातून थेट पेशींशी पोचतो, रक्ताला त्यात जवळजवळ काही करावं लागत नाही. म्हणून कीटकांचं रक्त बहुधा बिनरंगी, पिवळसर किंवा हिरवट असतं. ते अन्न, संप्रेरकं आणि टाकाऊ पदार्थ वाहतं, जखम बुजवतं, आत शिरलेल्या जंतूंशी लढतं. त्यातली मुख्य साखरही आपल्यासारखी ग्लुकोज नसते, ट्रिहॅलोज असते. अळीचं हृदय द्रव डोक्याकडेच ढकलतं, पण तीच अळी डास झाली की मधूनमधून दिशा उलटते.

बॅरलमधली लाल अळी हा या नियमाला अपवाद. ती कायरोनोमस या न चावणाऱ्या चिलटाची पिल्लं. प्राणवायू कमी असलेल्या गाळात राहायचं म्हणून तिने रक्तात हिमोग्लोबिन ठेवलं.

मोजणी झाली की डासाच्या अळ्यांचं पाणी कोरड्या मातीवर ओता. गटारात नको, मोरीत नको. आठवड्याभरात त्यांचे डास होतात.

सूक्ष्मदर्शक नसेल तर

जिल्ह्यात तुती लावून रेशीम करणारे शेतकरी आहेत. ओळख काढून शेवटच्या अवस्थेतली एक रेशीमअळी हातावर घ्या. केस नसलेल्या पांढरट पाठीवर मधोमध गडद रेघ शेपटीकडून डोक्याकडे लुकलुकते. कीटकाचं हृदय नुसत्या डोळ्यांनी बघायची यापेक्षा सोपी जागा नाही. तंबाखू फवारलेली तुतीची पानं किंवा हाताला लागलेलं कीटकनाशक तिला सहन होत नाही, तेव्हा हात धुऊनच.

कढीपत्त्यावर लिंबू-फुलपाखराच्या हिरव्या अळ्या सापडतात. एक फांदीसकट बरणीत ठेवा, तोंडाला जाळी बांधा. कोषातून फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा पंख चुरगाळलेल्या कापडासारखे असतात. ते काही मिनिटांत ताठ होतात, कारण फुलपाखरू त्यांच्या शिरांत हिमोलिम्फ दाबून भरतं. सुकल्यावरच पंख कडक होतात. त्या वेळी त्याला हात लावला तर पंख कायमचे वाकडे राहतात.

घराच्या कोपऱ्यात मेलेला कोळी बघा. त्याचे पाय आत गोळा झालेले असतात. पायाच्या काही सांध्यांत आत ओढणारे स्नायू असतात, पण ताठ करणारे नसतात. ते काम हिमोलिम्फचा दाब करतो. दाब गेला की ओढणारे स्नायूच जिंकतात.

मत्स्यालयाच्या दुकानात लाल रंगाच्या चपट्या शंखाच्या गोगलगायीही मिळतात. गोगलगायींत प्राणवायू वाहायला सहसा तांबं असलेलं हिमोसायनिन असतं, पण या घराण्याने हिमोग्लोबिन धरलं. बिनरंगी जातीत ते कातडीतून लाल झळकतं.

आणि स्वयंपाकघर. खेकड्याचं रक्त हिमोसायनिनचं. प्राणवायू मिळाला की फिकट निळसर, नाही तर जवळजवळ रंगहीन. म्हणून मासळी बाजारात खेकडा तोडताना मुलांना "रक्तच नाही" असं वाटतं. रस्सा उकळताना सांध्यांपाशी पांढरी, सायीसारखी चोथट गाठ जमते. ती घाण नव्हे, गोठलेलं रक्तच. हिमोसायनिन प्राणवायू धरून ठेवण्यात हिमोग्लोबिनइतकं सरस नाही, पण खेकड्याचं भागतं. ऑक्टोपसही त्याच निळ्या रक्तावर, बंदिस्त वाहिन्या आणि तीन हृदयं वापरून, चपळ शिकारी झाला आहे. दोन हृदयं कल्ल्यांना रक्त देतात, एक बाकी शरीराला. हे मात्र सोलापुरात बघायला मिळणार नाही.

वही कशी लिहायची

प्रत्येक नोंदीत प्राणी, तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, किती सेकंदं मोजलं आणि ठोके एवढं हवंच. तापमान न लिहिता ठोके लिहिले तर ती नोंद रद्द समजा. सोलापुरात सकाळी सातचं आणि दुपारी तीनचं पाणी एक नसतं. तीन प्रश्नांची उत्तरं वेगळ्या रकान्यात लिहा. नसलेली गोष्टही लिहा: वाहिनी दिसली नाही, लाल पेशी दिसल्या नाहीत.

काम संपल्यावर गांडूळ मातीत, पाणपिसवा त्याच डबक्यात. दुकानातून आणलेली गोगलगाय किंवा ट्युबिफेक्स मात्र तलावात किंवा ओढ्यात सोडू नका, ते आपल्या पाण्यातले पाहुणे असू शकतात आणि पसरले की काढता येत नाहीत. ज्याच्याकडे मासे आहेत त्याला देऊन टाका.